जुन्या डीप फ्रीजरचा केग कूलर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्यातल्या आमच्या घरी माळवदाच्या खोलीत एक पांढरा डीप फ्रीजर आहे. आधी तो एका आइस्क्रीमच्या दुकानात होता. आता त्याच्या झाकणाखाली सागवानी चौकट बसवली आहे, चौकटीतून स्टीलच्या तीन तोट्या बाहेर आल्या आहेत, आणि तोटी ओढली की थंडगार सोडा ग्लासात पडतो. मे महिन्यात घरी येणारा प्रत्येक जण आधी ग्लास रिकामा करतो आणि मग विचारायला लागतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

केग कूलर म्हणजे नेमकं काय?

केग म्हणजे दाब सहन करणारी स्टीलची टाकी. तिला वर दोन तोंडं असतात. एकातून कार्बन डायऑक्साइड आत जातो, दुसऱ्यातून पेय बाहेर येतं. परदेशात लोक घरच्या बीअरसाठी जुन्या डीप फ्रीजरमध्ये असे केग ठेवतात, बाहेर तोट्या काढतात आणि फ्रीजरला चार अंशांवर थांबवतात. आम्ही तीच रचना सोड्यासाठी वापरली. यंत्रणा तीच, फक्त दाब जास्त लागतो.

मग यात बीअर ठेवता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येते, हा कूलर मुळात त्यासाठीच जन्माला आला. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय बीअर बनवणं हा गुन्हा आहे, मग ती स्वतःच्या घरात स्वतःसाठी का असेना. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बीअरचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे "तिथून एक केग आणू" असं पुष्कळ जण म्हणतात. ते केग परवानाधारक हॉटेलांसाठी असतात, आणि त्यांचं तोंडही वेगळं असतं, आपल्या घरगुती केगच्या जोडण्या त्याला बसत नाहीत. बीअर पिण्यासाठी राज्यात वयाची अट २१ वर्षांची आहे, हेही ध्यानात ठेवा. ज्यांना तो मार्ग धरायचा आहे त्यांनी आधी राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कार्यालयात जाऊन रीतसर चौकशी करावी. खालची माहिती सोड्याच्या अनुभवावरची आहे, बीअरचे आकडे लागतील तिथे दिले आहेत.

उभा फ्रीज का नाही? तो तर घरोघरी असतो.

उभ्या फ्रीजचं दार उघडलं की गार हवा पायावर ओतल्यासारखी खाली निघून जाते. डीप फ्रीजरचं झाकण वर असतं, आणि गार हवा जड असल्यामुळे ती पेटीतच बसून राहते. भिंतीही जाड असतात. आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो. भरीस भर म्हणजे १९ लिटरचा भरलेला केग तेवीस-चोवीस किलोंचा होतो. उभ्या फ्रीजच्या काचेच्या फळीवर तो ठेवायचा विचारही करू नका.

जुना फ्रीजर घेताना काय बघावं?

याचं उत्तर लांब आहे, कारण इथे चुकलं की पुढचं सगळं वाया जातं.

आइस्क्रीमची, दूध-दह्याची दुकानं बंद होतात किंवा मोठा फ्रीजर घेतात तेव्हा जुना विकायला काढतात. असा फ्रीजर थेट दुकानातून, चालू अवस्थेत घ्यावा. भंगारात गेलेला घेऊ नये. भंगारात तो आडवा पडलेला असतो, तांब्याच्या नळ्या वाकलेल्या असतात आणि कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत चढलेलं असतं. आडवा वाहून आणलाच, तर उभा करून एक दिवस तसाच ठेवा आणि मगच चालू करा.

दुकानात गेलात की आधी कॉम्प्रेसरची जाळी काढायला लावा आणि टॉर्च मारून नळ्यांचे जोड बघा. जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग दिसला तर गॅस गळतोय असं समजा. मग पेटीच्या तळाचे कोपरे हाताने चाचपा. गंजाने पत्रा फुगलेला असेल तर आतल्या फोममध्ये पाणी शिरलेलं असतं, आणि ओला फोम थंडी धरत नाही. झाकणाच्या रबरात दहा रुपयांची नोट अडकवून झाकण लावा आणि नोट ओढून बघा. ती अडखळत यायला हवी. सहज निसटली तर रबर गेलं. नवं रबर मिळतं, पण तेवढे पैसे भावात कमी करून घ्या.

शेवटची परीक्षा पाण्याची. एक भांडं पाणी आत ठेवा, रात्रभर चालू ठेवायला सांगा, सकाळी जाऊन बघा. पाण्याचा तळापर्यंत दगड झालेला असेल तर घ्या. दुकानदार रात्रभर थांबायला तयार नसेल तर मी तो फ्रीजर सोडून देतो.

आणखी एक. मागच्या पट्टीवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं. "आर-१३४ए" असेल तर काळजी कमी. "आर-६००ए" असेल तर तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे पेट घेणारा वायू. असा फ्रीजर चालतो, नवीन तर बरेचसे तेच येतात, पण त्याच्या नळ्यांजवळ ड्रिल, वेल्डिंग किंवा ठिणगी उडवणारं कुठलंही काम करायचं नाही.

आतला जुना वास जात नाही, काय करू?

कोमट पाण्यात खायचा सोडा घालून सगळा आतून पुसा, रबराच्या घड्यांतही फडकं फिरवा. नंतर झाकण उघडं टाकून दोन दिवस उन्हात ठेवा. मराठवाड्याच्या उन्हासारखं औषध नाही. मासळी ठेवलेला फ्रीजर मात्र स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

किती लिटरचा घ्यावा?

लिटरवर जाऊ नका, आतल्या मापावर जा. १९ लिटरचा घरगुती केग साधारण २२ सेंटिमीटर व्यासाचा आणि ६३-६४ सेंटिमीटर उंच असतो. पुठ्ठ्याच्या २२ सेंटिमीटरच्या चकत्या कापून न्या आणि फ्रीजरच्या तळाशी मांडून बघा. आतमध्ये एका टोकाला पायरीसारखा उंचवटा असतो, त्याखाली कॉम्प्रेसर बसलेला असतो. त्यावर केग मावत नाही, पण गॅसचा छोटा सिलिंडर बरोबर बसतो. उंची कमी पडली तर घाबरू नका, ती चौकटीने भरून निघते.

डीप फ्रीजर तर उणे अठरा अंशांना जातो. सोड्याचा बर्फ नाही होणार?

होईल, तुम्ही त्याला थांबवलं नाही तर. फ्रीजरचं स्वतःचं बटण शून्याच्या खालीच काम करतं, चार अंशांवर थांबणं त्याला माहीत नाही. म्हणून बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर लावायचा. त्याची एक वायर, टोकाला तापमान मोजणारा बोटभर प्रोब असलेली, आत जाते. फ्रीजरचा प्लग भिंतीत न लावता कंट्रोलरच्या सॉकेटात लावायचा. आतलं तापमान उतरलं की कंट्रोलर फ्रीजरची वीज तोडतो, चढलं की जोडतो. फ्रीजरचं मूळ बटण सगळ्यात थंड बाजूला फिरवून विसरून जा, म्हणजे ते मध्ये लुडबूड करत नाही.

"एसटीसी-१०००" नावाचा कंट्रोलर सगळीकडे मिळतो. त्यातला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, १० अँपिअरचा असतो, घरगुती फ्रीजरला तो पुरतो. पण तो उघड्या स्क्रूंचा नुसता ठोकळा असतो. प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून, अर्थिंगसकट वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ज्याला हे जमत नसेल त्याने सॉकेट जोडूनच येणारा तयार कंट्रोलर घ्यावा.

तीन आकडे भरायचे असतात. तापमान ४ अंश. फरक २ अंश, म्हणजे सहाला चालू आणि चारला बंद. आणि कॉम्प्रेसरचा विसावा किमान ५ मिनिटं. हा तिसरा आकडा लोक सोडून देतात. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर नळ्यांतला दाब समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी पुन्हा वीज मिळाली तर मोटर दाबाविरुद्ध उठायला बघते, उठत नाही, तापते. जुना कॉम्प्रेसर असाच मरतो.

प्रोब कुठे ठेवायचा?

हवेत लोंबकळत ठेवू नका. झाकण उघडलं की हवा लगेच तापते आणि कॉम्प्रेसर उगाच सुरू होतो. केगच्या अंगाला, मध्यावर, चिकटपट्टीने घट्ट लावा आणि वरून फोमचा तुकडा बांधा, म्हणजे तो पेयाचं तापमान वाचेल.

आमच्याकडे पहिल्याच उन्हाळ्यात एकदा केग बदलताना प्रोब सुटून चौकटीच्या बाहेर राहिला आणि वायरवरच झाकण बसलं. प्रोबला खोलीचे ३८ अंश दिसत होते, त्यामुळे कंट्रोलरने फ्रीजर थांबवलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तोटी ओढली तर आवाजही आला नाही. झाकण उघडलं तेव्हा केगवर बोटभर पांढरं हिम होतं आणि एका केगचा तळ बाहेर फुगला होता. तो केग कायमचा गेला. तेव्हापासून झाकण लावायच्या आधी प्रोबवर हात ठेवून खात्री करायची हा घरातला नियम आहे, मुलंसुद्धा पाळतात.

तोटीसाठी फ्रीजरच्या भिंतीला भोक पाडलं तर?

पाडू नका. ही या सगळ्या उत्तरांतली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. उभ्या फ्रीजची उष्णता बाहेर टाकणारी जाळी मागे दिसते. पेटीच्या डीप फ्रीजरमध्ये मात्र थंड करणाऱ्या नळ्या आतल्या पत्र्यामागे आणि गरम नळ्या बाहेरच्या पत्र्यामागे गुंडाळलेल्या असतात. चारही बाजूंना. ड्रिलचं टोक एकदा नळीत घुसलं की फुस्स आवाज येतो आणि फ्रीजरचं आयुष्य संपतं. आर-६००ए असेल तर आगीचाही धोका आहे. "इथे नळी नसेल" असं छातीठोकपणे सांगणारे मिस्त्री भेटतात, पण पत्र्याच्या आरपार कोणाला दिसतं?

झाकणाला भोक पाडता येतं, बहुतेक झाकणांत नुसता फोम असतो. पण मग झाकण उघडताना तोट्या आणि पाइप सगळं वर उचलावं लागतं. म्हणून पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवायची आणि सगळी भोकं चौकटीला पाडायची. पेटीच्या अंगाला एकही ओरखडा येत नाही.

चौकट कशी करायची?

सुताराला माप देताना फ्रीजरच्या तोंडाचं बाहेरचं माप द्या आणि चारही कोपऱ्यांचे कर्ण मोजा, जुनी पेटी थोडी कललेली असते. फळी २५ मिलिमीटर जाड आणि २० सेंटिमीटर रुंद घ्या. लाकूड सागवान घ्यावं. आमच्या सुताराने आधी बाभूळ सुचवली होती, घट्ट आणि स्वस्त म्हणून. पण बाभूळ नीट वाळलेली नसेल तर पिळते, आणि इथे एका बाजूला चार अंश आणि दुसऱ्या बाजूला चाळीस अशी परिस्थिती असते. जुन्या वाड्याच्या दाराचं, तुळईचं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं. ते पन्नास वर्षं वाळलेलं असतं, आता काय पिळणार? आमची चौकट आजोबांच्या घराच्या मोडलेल्या दारातून निघाली आहे, तिच्या एका फळीवर जुन्या कडीची खूण अजून दिसते. तोट्या मुद्दाम त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना बसवल्या.

आतून दोन इंच जाडीचा दाट थर्मोकोल चिकटवा आणि फटी सिलिकॉनने भरा. पेटीवर चौकट बसवताना मध्ये फोमची पट्टी लावा, खिळे नकोत. चौकटीचं वजन आणि झाकण तिला जागेवर धरतं.

झाकणाच्या बिजागऱ्या काढताना सांभाळा. कित्येक फ्रीजरच्या बिजागरीत जोरदार स्प्रिंग असते. झाकण पूर्ण उघडून, दुसऱ्या माणसाला धरायला लावून मगच स्क्रू सोडा. झाकणात दिवा असेल तर त्याची वायर बिजागरीतून गेलेली असते, ती ओढली जाऊ देऊ नका. बिजागऱ्या नंतर चौकटीच्या मागच्या फळीवर बसतात.

तोटीच्या दांड्यासाठी २२ मिलिमीटरचं भोक लागतं. ते गोल करवतीने पाडा, छिन्नीने नको.

तोट्या पितळेच्या चालतील का?

नाही. सोडा आम्लधर्मी असतो, तो पितळ आणि तांब्याला खातो आणि तांबं पेयात उतरतं. असं पेय पोटात गेलं की मळमळ आणि उलट्या होतात. क्रोम चढवलेली पितळी तोटीही वरचा थर झिजल्यावर तेच करते. तोटी, दांडा, जोड सगळं स्टेनलेस स्टीलचं हवं. चुंबक लावून खात्री होतेच असं नाही, विकणाऱ्याकडून लिहून घ्या.

गॅस कुठून आणायचा? वेल्डिंगचा चालेल का?

जालना लोखंडाचं गाव. वेल्डिंगच्या दुकानात कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर उभे असतात, त्यामुळे हा प्रश्न इथे हमखास येतो. वायू तोच, पण वेल्डिंगच्या सिलिंडरमध्ये तेल, ओलावा किंवा आधीचा काही अंश राहिला आहे का हे पिण्याच्या दृष्टीने कोणी तपासलेलं नसतं. औद्योगिक वसाहतीतल्या गॅसवाल्याकडे "फूड ग्रेड" मागा आणि प्रमाणपत्र बघा. शीतपेयाची मशिनं असलेली हॉटेलं तोच गॅस नेतात.

सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते. पाच वर्षांहून जुनी असेल तर भरून घेऊ नका. आग विझवायचा लाल सिलिंडर तर बिलकूल वापरू नका. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, त्यामुळे वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरचा दाब कमी करून केगला देणारा जोड, फुटू शकतो.

एका १९ लिटरच्या केगचा सोडा करून तो बाहेर ढकलायला साधारण पाव किलो गॅस लागतो. दोन किलोच्या सिलिंडरमध्ये सात-आठ केग निघतात.

गॅस किती उरलाय ते सिलिंडरच्या दाबाच्या घड्याळावर कळतं का?

कळत नाही. आत द्रव आहे तोवर काटा एकाच जागी असतो, आणि द्रव संपला की झपाट्याने खाली येतो. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि त्यावर लिहिलेलं रिकामं वजन वजा करा.

सिलिंडर आत ठेवावा की बाहेर?

आपल्याकडे आतच. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव राहूच शकत नाही आणि दाब भराभर चढतो. चार अंशांवर सिलिंडरमध्ये सुमारे ३८ बार दाब असतो, वीस अंशांवर ५७, आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी त्याच्याही कितीतरी वर. सुरक्षा झडप असतेच, पण ती उडेपर्यंत वाट कशाला बघायची? गॅस भरून आणताना गाडीच्या डिकीत ठेवून मोंढ्यात दोन तास थांबू नका. घरी आणा, सावलीत ठेवा. सिलिंडर कायम उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा.

यात धोका काय आहे?

दोन धोके आहेत, दोन्ही खरे. एक किलो द्रवातून पाचशे लिटरहून जास्त वायू तयार होतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे पेटीत साठतो. गळती झालेली असताना कोणी आत वाकून काम करायला लागलं तर गुदमरू शकतं. म्हणून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा, आणि झाकण उघडल्यावर दोन मिनिटं थांबून, पंखा फिरवून मगच डोकं आत घाला. खोलीला खिडकी हवी.

दुसरा धोका लहान मुलांचा. रिकामी पेटी ही लपायची जागा वाटते, आणि झाकण आतून उघडत नाही. काम चालू असताना झाकण काढून वेगळं ठेवा, काम झाल्यावर कुलूप लावा.

केग उघडायच्या आधी वरची कडी ओढून दाब पूर्ण सोडा. हे दर वेळी करायचं.

दाब किती ठेवायचा? नुसता फेसच येतोय.

सोड्याला चार अंशांवर ३० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो. बीअरला १० ते १२ पीएसआय पुरतात. पाणी आधी पूर्ण गार झालेलं हवं, कारण चार अंशांचं पाणी तीस अंशांच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त वायू धरतं. कोमट पाण्यावर कितीही दाब चढवा, सोडा पांचटच होतो. गॅस जोडून आठवडाभर ठेवा. घाई असेल तर केग मांडीवर आडवा घेऊन दहा मिनिटं हलवा. रेग्युलेटरमधून गॅस जातानाचा आवाज हळूहळू मंद होतो आणि थांबतो, तेव्हा पाणी तृप्त झालेलं असतं.

फेसाचं कारण बहुतेक वेळा पाइप असतो. केग ते तोटी हा पाइप ५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा आणि लांब हवा, बीअरला तीन मीटर, सोड्याला सात-आठ मीटर. लांब अरुंद पाइपात दाब हळूहळू जिरतो. वेटोळं करून केगवर ठेवा. पहिलाच ग्लास फेसाळत असेल तर चौकटीपाशी पाइप गरम राहतोय. संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा तळाशी ठेवून हवा वर ढकला. आमच्याकडे तेवढ्याने प्रश्न सुटला.

मोसंबीचा रस थेट केगमध्ये भरला तर?

जालन्यात राहून हा विचार न येणं शक्य नाही. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मृग बहराची फळं नेमकी उन्हाळा तोंडावर असताना येतात. पण मोसंबीचा काढलेला रस ठेवला की कडू होतो, त्यात लिमोनिन हळूहळू तयार होतं. शिवाय चोथा केगच्या झडपेत अडकतो. केगमध्ये फक्त साधा सोडा भरा. मोसंबी ग्लासात त्या क्षणी पिळा, सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची चिमूट टाका, ग्लास तोटीखाली तिरका धरा. घरच्या आल्याच्या पाकाचंही असंच करा. एका केगच्या सोड्यातून दहा तऱ्हेची सरबतं होतात आणि केग धुवायचा त्रास वाचतो.

आणि ताक?

ताकाला तोटी नको. स्टीलच्या बरणीत भरून केगच्या शेजारी ठेवा.

पाणी कोणतं वापरावं?

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार सोड्याची चव मारतात आणि तोटीत पांढरा थर धरतात. आरओचं किंवा जारचं पाणी घ्या. ते आधी रात्रभर रांजणात ठेवा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत रांजणाचं पाणी विजेविना गार होतं, आणि फ्रीजरला चाळिसावरून खाली आणण्याऐवजी पंचविसाच्या आसपासून खाली आणावं लागतं. जवळजवळ निम्मं काम मातीने केलेलं असतं.

वीज गेली, व्होल्टेज पडलं तर?

वीज गेल्याची फार चिंता नको. तीन भरलेले केग म्हणजे सत्तावन्न लिटर गार पाणी, ते लवकर तापत नाही. झाकण उघडू नका एवढंच. कमी व्होल्टेज मात्र घातक. शेतीपंप सुरू झाले की संध्याकाळी दाब पडतो, मग कॉम्प्रेसर उठू शकत नाही, टक आवाज येतो, थोड्या वेळाने पुन्हा टक. असा आवाज ऐकला की लगेच प्लग काढा. स्टॅबिलायझर लावा, आणि ओल्या जागी वापरायचं उपकरण म्हणून ३० मिलिअँपिअरचं गळतीरोधक स्विचही लावा.

चार अंशांवर ठेवलेल्या फ्रीजरला उणे अठराच्या मानाने बरीच कमी वीज लागते. फ्रीजर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला तर मात्र ती बचत उन्हात जाते. जाड मातीच्या भिंतींची माळवदाची खोली असेल तर तीच निवडा, आणि भिंतीपासून पेटी वीतभर लांब ठेवा. तिची उष्णता तिच्या अंगातूनच बाहेर पडते.

तळाला पाणी साचतं, काळी बुरशी येते.

उणे अठराला ओल गोठते, चार अंशांवर ती पाणी होऊन तळाशी उतरते. पावसाळ्यात जास्त. आठवड्यातून एकदा फडक्याने टिपून घ्या. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, त्यातला एक ठेवा. पंखा असला की बुरशी कमी धरते. केग रबरी चटईवर ठेवले तर खाली फडकं फिरवता येतं.

केग कसे धुवायचे?

गरम पाण्यात धुण्याचा सोडा, नंतर भरपूर साधं पाणी. थर धरला असेल तर लिंबूसत्त्वाचं पाणी तासभर भरून ठेवा. ब्लीचिंग पावडर वापरू नका, क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. रबराच्या रिंगा वर्षाला बदला. तोटीच्या तोंडाशी पाक सांडला असेल तर त्याच रात्री पुसा, सकाळी मुंग्यांची रांग लागलेली असते.

नंतर कधी परत डीप फ्रीजर म्हणून वापरायचा असेल तर?

वापरता येतो. झाकणाच्या बिजागऱ्या चौकटीवरून काढून मूळ जागी बसवा, कंट्रोलर बाजूला करा, प्लग थेट भिंतीत लावा. गेल्या दिवाळीत आमच्या मोठ्या काकूंना लग्नघराचा खवा ठेवायला चार दिवस फ्रीजर हवा होता, तेव्हा आम्ही अर्ध्या तासात हे केलं. मूळ स्क्रू एका बाटलीत घालून कॉम्प्रेसरच्या जाळीमागे ठेवलेले आहेत. तुम्हीही तसेच ठेवा, ते मापाचे स्क्रू बाजारात शोधताना दिवस जातो.